घोड्याच्या सहवासाने माणूस खरोखर बरा होतो का? वारीहून परतलेल्या एका आजोबांच्या प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न दुपदरी आहे. आषाढीच्या वारीत माउलींच्या अश्वाचे रिंगण पाहताना आपल्या मनात जे दाटून आले, ते केवळ श्रद्धेचे भरते होते की माणूस आणि घोडा यांच्यात खरोखरच काही नाते असते, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मुलुंडला आपल्याजवळ राहणाऱ्या, ऑटिझम असलेल्या नऊ वर्षांच्या नातवाला घोड्याच्या सहवासाचा उपयोग होईल का, हेही आपण विचारले आहे. आणि पत्नीच्या निधनानंतर प्रथमच त्या गर्दीत आपल्याला मोकळा श्वास घेता आला, असे जाता जाता लिहिले आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि मुंबईत अनेक वर्षे मुले व घोडे या दोघांबरोबर काम करते. माझ्या अनुभवाप्रमाणे हे नाते खरे आहे, पण कोणतीही गूढ शक्ती घोड्याच्या अंगातून आपल्या अंगात वाहत येत नाही. घोडा आपल्या शरीराचे बोलणे फार बारकाईने ऐकतो आणि त्याला तत्काळ, काहीही न लपवता उत्तर देतो. माणसात बदल घडतो तो या उत्तरामुळे. मात्र ते उत्तर खरे असायचे तर घोडा निरोगी, निवांत आणि नकार द्यायला मोकळा असावा लागतो. आपल्या सर्व प्रश्नांची उत्तरे मला या एका गोष्टीपाशी सापडतात.

रिंगणापासूनच सुरुवात करते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व चालतात. एका अश्वावर पताका घेतलेला स्वार असतो आणि दुसऱ्यावर कोणीही बसत नाही, कारण त्यावर माउली आरूढ आहेत असे वारकरी मानतात. चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण होते आणि पुढे गोल रिंगणे होतात. टाळ-मृदंगाच्या गजरात, हजारो माणसांच्या मधून मोकळ्या ठेवलेल्या वाटेने हे दोन्ही अश्व धावतात आणि त्यांच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. या परंपरेतील एक गोष्ट मला माझ्या कामाच्या दृष्टीने फार मोलाची वाटते. ज्या घोड्यापुढे लाखो लोक नतमस्तक होतात, त्याच्या पाठीवर बसण्याचा हक्क कोणीच सांगत नाही. त्याच्याकडून कोणाला काही करून घ्यायचे नसते. त्याला पाहायचे, वाट द्यायची आणि तो गेला की खाली वाकायचे, एवढेच असते. घोड्यासोबतच्या उपचारात नव्याने येणाऱ्या पालकांना सर्वांत कठीण जाते ते हेच. मुलाला पाठीवर केव्हा बसवणार, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. प्रत्यक्षात कामाचा मोठा भाग जमिनीवर उभे राहूनच होतो.

आपल्या पूर्वजांनी घोडा आणि आरोग्य यांची सांगड फार जुन्या काळी घातली होती. देवांचे वैद्य मानले गेलेले अश्विनीकुमार हे अश्वरूपातील मातेचे पुत्र आहेत आणि वृद्ध च्यवन ऋषींना त्यांनी पुन्हा तारुण्य दिल्याची कथा सर्वज्ञात आहे. आपला खंडोबाही घोड्यावरच येतो. मात्र त्याच परंपरेत शालिहोत्राच्या नावाने चालत आलेले अश्ववैद्यकही आहे, ज्यात घोड्याचे दात, खूर, आहार आणि आजार यांचा विचार आहे. घोड्याला पूज्य मानणाऱ्यांनी त्याच्या पोटदुखीचाही विचार केला, ही बाब आज घोड्याच्या आध्यात्मिक शक्तीविषयी बोलणारे बहुतेक जण विसरतात.

आता घोडा आपल्याला कसा वाचतो, याविषयी. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांपर्यंतचे दिसते. अगदी नाकासमोरचा आणि शेपटीमागचा लहानसा भाग तेवढा दिसत नाही. कळपातील एकाचे कान ताठ झाले की बाकीच्यांना पळण्याची तयारी करावी लागते, म्हणून शेजाऱ्याच्या अंगातला ताण ओळखणे हा त्याच्या जगण्याचा आधार आहे. माणूस त्याच्याजवळ गेला की घोडा तीच नजर माणसाला लावतो.

याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा जर्मनीतला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणिते सोडवतो, अशी ख्याती झाली होती. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने दाखवून दिले की हान्सला गणित येत नव्हते. बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची आणि अंगाची नकळत अतिशय सूक्ष्म हालचाल होई आणि ती पाहून हान्स थांबे. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्सही चुके. विशेष म्हणजे हे रहस्य कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःच्या शरीराच्या त्या खुणा पूर्णपणे दडवता आल्या नाहीत. लोक ही कथा फसवणूक उघडकीला आल्याची म्हणून सांगतात. मला तिच्यात घोड्याची खरी थोरवी दिसते, कारण माणसाला स्वतःलाही ठाऊक नसलेली त्याच्या शरीराची हालचाल त्या प्राण्याने टिपली होती. अलीकडे, २०१६ साली, इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात घोड्यांना अनोळखी माणसांच्या रागीट आणि हसऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवण्यात आली, तेव्हा रागीट चेहऱ्याकडे ते डाव्या डोळ्याने अधिक पाहू लागले आणि त्यांच्या हृदयाची गती अधिक लवकर वाढली.

हे मैदानावर कसे दिसते ते सांगते. एखादे मूल दात आवळून, श्वास रोखून, खांदे वर ओढून घोड्याकडे चालत जाते. घोडा मान उंचावतो, कान त्याच्याकडे वळवतो आणि एक पाऊल बाजूला सरकतो. मुलाला कोणीही रागावत नाही, समजावत नाही. मी फक्त त्याच्या शेजारी उभी राहून लांब श्वास सोडते. काही वेळाने मूलही श्वास सोडते, त्याचे खांदे खाली येतात आणि त्याच क्षणी घोड्याची मान उतरते, खालचा ओठ सैल पडतो, तो हलकेच फुरफुरतो. आपल्या आत काहीतरी बदलले म्हणून समोरचा एवढा मोठा, चारशे किलोंचा जीव शांत झाला, हा अनुभव त्या मुलाला आयुष्यात बहुधा प्रथमच आलेला असतो. शाळेत, घरात आणि दवाखान्यात त्याला सतत दुसऱ्यांच्या सूचनांप्रमाणे वागावे लागते. इथे त्याच्या वागण्याने दुसरा जीव बदलतो. या क्षणाला कोणी आध्यात्मिक म्हटले तर मी हरकत घेत नाही. ज्या साधनेत श्वास आणि चित्त स्थिर करावे लागते, तिच्याशी याचे साम्य आहेच.

शरीराच्या अंगाने पाहिले तर उपचाराचा आधार वेगळा आणि अधिक मोजता येण्याजोगा आहे. घोडा कदम चालीने चालताना त्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे, शिवाय थोडी वळत हलते. ही हालचाल माणसाच्या स्वतःच्या चालण्यात कंबरेची जी हालचाल होते तिच्याशी पुष्कळ जुळते. मिनिटाला साधारण शंभर पावले धरली तर अर्ध्या तासात बसणाऱ्याच्या कंबरेला आणि पाठीच्या कण्याला सुमारे तीन हजार वेळा तोल सावरावा लागतो, आणि तोही कंटाळा न येता. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल आणि तोल बिघडण्याचा विकार, असलेल्या मुलांवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात काही मुलांना आठ मिनिटे चालत्या घोड्यावर, तर काहींना तेवढाच वेळ स्थिर पिंपावर बसवले होते. घोड्यावर बसलेल्या मुलांच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंचे काम अधिक समतोल झालेले आढळले. नुसते पाय फाकून बसण्याने हे होत नाही, चालण्याची लय लागते, एवढे त्यातून स्पष्ट होते. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना पोलिओमुळे गुडघ्यांखाली बळ उरले नव्हते आणि घोड्यावर चढायला मदत लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारात रौप्यपदक मिळवले. युरोपात उपचारात्मक घोडेस्वारीची चळवळ उभी राहण्यामागे त्यांच्या उदाहरणाचा फार मोठा वाटा आहे.

आपल्या नातवाला मात्र स्नायूंचा त्रास नाही, म्हणून त्याच्यासाठी दुसरा अभ्यास अधिक जवळचा आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो येथे सहा ते सोळा वर्षांच्या, ऑटिझम असलेल्या मुलांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला आणि २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. एका गटाला घोडेस्वारीचे शिक्षण मिळाले. दुसऱ्या गटानेही तबेल्यातच येऊन घोड्यांविषयी शिकण्याचे उपक्रम केले, पण त्यांच्याजवळ खरा घोडा नव्हता. घोड्यासोबत असलेल्या गटात चिडचिड आणि अतिचंचलता अधिक कमी झाली, सामाजिक संवाद सुधारला आणि मुले अधिक शब्द वापरू लागली. शब्द का वाढतात, याचे कारण मला कामात रोज दिसते. ‘चल’ म्हटले की घोडा चालतो आणि ‘थांब’ म्हटले की थांबतो. ज्या मुलाच्या दृष्टीने शब्द हा आजवर नुसता आवाज होता, त्याला शब्दाने जग हलते हे कळते. म्हणूनच घोडा मराठी ऐकून चालणारा असावा, म्हणजे तबेल्यात आणि घरात मुलाला एकच भाषा मिळते, असा माझा आग्रह असतो.

सुरुवातीचे काही आठवडे आपल्या नातवाने फक्त खरारा करावा, म्हणजे घोड्याचे अंग ब्रशने घासावे, असे मी सुचवेन. खरारा करताना एकाच दिशेने, एका ठरावीक दाबाने हात फिरवावा लागतो आणि दाब चुकला की घोड्याची कातडी थरथरते, त्यामुळे स्पर्श नकोसा वाटणाऱ्या मुलाला स्पर्शाचे मोजमाप आपोआप शिकता येते. पुढे मोहरकी, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधलेली दोरी, धरून चालणे, मग हातावर चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, ठेवून भरवणे, आणि त्याने स्वतः खूण केली तरच पाठीवर बसणे. काही मुले कधीच बसत नाहीत आणि तरीही त्यांच्यात फरक पडतो.

आपल्या स्वतःच्या दुःखाविषयी थोडे सांगते. घोडा सांत्वन करत नाही आणि आपले दुःख ‘ओळखतो’ असे म्हणणेही अतिशयोक्तीचे होईल. तो एवढेच करतो की आपण त्याच्याजवळ असताना मनाने दुसरीकडे गेलो तर तोही आपल्यापासून दूर होतो आणि परत आलो तर परत येतो. शोकात बुडालेला माणूस सतत भूतकाळात असतो. चारशे किलोंच्या जनावराजवळ उभे असताना तसे राहता येत नाही; पाय कुठे आहेत, लगाम कुठे आहे, याचे भान ठेवावेच लागते. निवांत घोड्याचे हृदय मिनिटाला साधारण अठ्ठावीस ते चव्वेचाळीस वेळा आणि श्वास आठ ते सोळा वेळा चालतो. त्याच्या बरगड्यांवर हात ठेवून उभे राहिलेल्या माणसाचा श्वास हळूहळू लांबतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. युद्धाचे मानसिक आघात झालेल्या त्रेसष्ट निवृत्त सैनिकांवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आठ सत्रांचा प्रयोग झाला आणि २०२१ च्या त्याच्या अहवालात त्यांची लक्षणे एकंदरीत कमी झाल्याचे नोंदले गेले. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्याआधी २०१४ साली अशा चौदा अभ्यासांचा आढावा घेणाऱ्यांनी मनोविकारांवरील परिणामांचा पुरावा कच्चा असल्याचे स्पष्ट लिहिले होते. म्हणून घोड्याने नैराश्य बरे होते अशी जाहिरात करणाऱ्यांपासून आपण दूर राहावे. डॉक्टरांची औषधे चालू असतील तर ती चालूच ठेवावीत.

ज्या घोड्याकडून आपण एवढे घेतो, त्याची या शहरात काय स्थिती आहे, याकडे वळते. मुंबईत माणसाला घोड्याने बरे केल्याचे सर्वांत मोठे उदाहरण मैदानावरचे नाही. परळच्या हाफकिन संस्थेची सुरुवात १८९९ साली प्लेगवरील संशोधनासाठी झाली आणि पुढे तिचे नाव सर्पदंशावरील औषधाशी जोडले गेले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषाच्या अत्यल्प मात्रा घोड्याला टोचल्या की त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार होतात आणि ती शुद्ध करून आपल्या गावोगावच्या रुग्णालयांत साप चावलेल्या माणसाला दिली जातात. शेतात राबणाऱ्या असंख्य लोकांचे प्राण घोड्याच्या रक्ताने वाचले आहेत आणि त्या घोड्यांपुढे कोणी नमस्कार केलेला मी पाहिलेला नाही.

याउलट, हौसेखातर घोडा वापरण्याचा अनुभवही या शहराला आहे. व्हिक्टोरिया गाड्यांच्या घोड्यांना मिळणाऱ्या वागणुकीचा विचार करून मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये हौसेखातर चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. गाडीवाल्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न खरा होता आणि त्याविषयी मला आजही कळवळा वाटतो. पण तापलेल्या डांबरावर रात्रंदिवस उभे राहिलेल्या घोड्याच्या खुरांची अवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना निर्णयाचे कारण सांगावे लागत नाही. जुहूच्या वाळूत किंवा माथेरानच्या वाटेवर मुलाला फेरी मारून आणण्यात आनंद आहे, पण त्याला उपचार समजू नये. तिथे घोडा एका फेरीतून दुसऱ्या फेरीत जात असतो. त्याला आपल्या नातवाकडे लक्ष द्यायला सवड नसते.

घोड्याला नकार देता येतो की नाही, हे त्याच्या अंगावर दिसते. कान मागे चिकटलेले, नाकपुड्या ताणलेल्या, डोळ्यांवर सुरकुती, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चावण्याचा आव, शेपटीचे फटके, यांतले काहीही दिसले तर त्याला त्या दिवशी काम नको आहे. याहून फसवी आणि अधिक वाईट अवस्था म्हणजे काहीच न दिसणे: डोळे उघडे, पण कान कोणत्याही आवाजाकडे वळत नाहीत, मूल आले काय आणि गेले काय, त्याला सारखेच. पालक अशा घोड्याला ‘किती गरीब आहे’ म्हणतात. तो गरीब नसतो, त्याने आशा सोडलेली असते, आणि ज्याने उत्तर देणेच थांबवले आहे त्या घोड्याकडून मुलाला काहीही शिकता येत नाही. म्हणून घोड्याचे हित आणि मुलाचे हित यांत मला कधीच विरोध दिसला नाही.

आपण ठिकाण निवडायला जाल तेव्हा प्रथम तबेल्यात जाऊन घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांशी बोला. घोड्याला दिवसभर चारा मिळतो का, की चंदीवरच भागवतात, हे विचारा. घोड्याला उलटी करता येत नाही आणि त्याची आतडी सतत चाऱ्यावर चालतात, त्यामुळे चुकीच्या आहाराने होणारी पोटदुखी त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याला पसरून झोपण्याइतकी जागा आहे का, ते पाहा. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते. दिवसात किती मुलांबरोबर तो काम करतो आणि आठवड्यात सुटी किती, हेही विचारा. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या एक-पंचमांशापेक्षा जास्त नसावे. शर्यतीतून नुकताच बाहेर पडलेला घोडा या कामाला चालत नाही. महालक्ष्मीच्या मैदानावरचे घोडे देखणे असतात, पण त्यांना वेगाची सवय असते आणि या कामासाठी लागणारा संयम शिकवायला पुष्कळ काळ लागतो. दमट हवेमुळे मुंबईत सकाळी लवकरची वेळ घ्यावी आणि पावसाळ्यात, खूर सतत ओले राहून सडू लागतात तेव्हा, सत्रे कमी झाली तर तक्रार करू नये. काळजी घेणारे लोकच त्या दिवसांत घोड्याला विश्रांती देतात.

नातवासाठी बालरोगतज्ज्ञांची लेखी संमती घ्या. झटके नियंत्रणात नसतील, मानेच्या मणक्यांत सैलपणा असेल, जो डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये तपासावाच लागतो, कंबरेचा सांधा निखळलेला असेल किंवा घोड्याच्या केसांची ॲलर्जी असेल तर पाठीवर बसवू नये. धनुर्वाताची लस घेतलेली असावी, कारण घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत त्याचे जंतू असू शकतात. मापाचे शिरस्त्राण, घोडा धरणारा एक आणि सुरुवातीला दोन्ही बाजूंना चालणारे दोघे, एवढी माणसे नसतील तर त्या दिवशी स्वारी नको म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे.

पहिल्या भेटीत नातवाला घोड्याजवळ ढकलू नका. त्याला कठड्याबाहेर उभे राहून हवा तितका वेळ पाहू द्या आणि आपणही शेजारी उभे राहा. तीन महिन्यांनी फरक पडला का, हे आम्हाला विचारू नका, कारण आम्हाला तो घोड्याजवळ असतानाच दिसतो. त्याच्या वर्गशिक्षिकेला विचारा, घरी तो झोपतो कसा आणि रांगेत थांबतो कसा, ते लिहून ठेवा. फरक नसेल तर निःसंकोच थांबा. मात्र स्पीच थेरपी आणि शाळा यांच्या वेळा मोडून घोड्याची वेळ ठरवू नका. रविवारची सकाळ त्यासाठी पुरेशी आहे.